थोरांच्या घरची लेकरे

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात लहान मुलाला त्याचे नाव सहसा विचारले जात नाही. ‘कोणाचा रे तू?’ असे विचारले जाते, आणि बापाचे नाव सांगून झाले की मुलाची ओळख पूर्ण झाली असे समजले जाते. बाप साधा शेतकरी असला तर पुढचा प्रश्न पावसापाण्याचा होतो. परंतु बाप मुख्याध्यापक, नावाजलेला कीर्तनकार, डॉक्टर किंवा पंचायत समितीचा माजी सभापती असला तर विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. त्या मुलाने कोठे उभे राहावे, कोणाबरोबर हिंडावे, गणितात किती गुण मिळवावेत याविषयी गावाचे मत आधीच तयार असते. मुंबईतल्या प्रसिद्ध माणसाच्या मुलाला निदान लोकलच्या गर्दीत निनावी होता येते. आमच्याकडे बसस्थानकावर घेतलेला चहादेखील संध्याकाळपर्यंत घरी कळतो. तेव्हा ‘थोरांच्या घरी वाढणे’ हा विषय केवळ नटांच्या आणि मंत्र्यांच्या मुलांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रसिद्धीचा परीघ लहान असला म्हणून तिचा भार हलका होत नाही. पळायला जागा नसल्याने तो अधिकच जाणवतो.

अशा मुलांविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. एक ‘खाण तशी माती’ या म्हणीचे: थोरांची मुले थोरच निघणार, आणि न निघाल्यास दोष त्यांचा. दुसरे वडाच्या झाडाचे: वडाच्या सावलीत दुसरे झाड वाढत नाही, तेव्हा मुले खुरटी राहिली तर नवल काय? वरवर ही मते परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोहोंत पाहणाऱ्याची नजर आईबापांवरच खिळलेली असते. मूल हे त्यांच्या कर्तृत्वाचे माप म्हणून तेवढे मोजले जाते. आमच्या मते थोरांच्या मुलांवरचा सर्वांत मोठा अन्याय ऐकण्याच्या बाबतीत होतो. ती बोलू लागली की आपण त्यांच्या तोंडून आईबापांचा आवाज शोधत बसतो, आणि त्यांना स्वतःला काय म्हणायचे होते ते निसटून जाते.

याचा दाखला शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. ज्या नामदेवांच्या (१२७०–१३५०) नावाशी जनाबाईंचे नाव कायमचे जोडले गेले त्यांचे जन्मस्थान परंपरेने नरसी मानले जाते. आज हिंगोली जिल्ह्यात असलेली नरसी १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होती. नामदेवांचे घर हे मराठीतले एक आद्य लिहिते घर म्हणता येईल. आई गोणाई, पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे, मुलगी लिंबाई आणि सुनासुद्धा, अशा सर्वांच्या नावांवर अभंग सापडतात. त्यांपैकी गोणाई आणि राजाई यांच्या अभंगांतली तक्रार अगदी रोकडी आहे. घरचा कर्ता पुरुष विठ्ठलाच्या नादी लागला, आता संसाराकडे कोणी पाहायचे? भाविक हा भक्तीचा लडिवाळ कलह मानतात, आणि तसे मानण्यास हरकत नाही. परंतु घराच्या बाजूने वाचले तर त्यात एक कठोर हिशेब दिसतो. जगाला एक संत लाभतो तेव्हा एका घरातला बाप तितकाच कमी होतो.

त्या चार मुलग्यांचे पुढे काय झाले? त्यांचे अभंग गाथेत आहेत. कीर्तनात आणि दिंडीत मात्र ते क्वचितच कानी पडतात. बापाच्या नावाने त्यांना गाथेत जागा मिळवून दिली, श्रोते मिळवून दिले नाहीत. नामदेवांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनीही पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली असे परंपरा सांगते. ती पायरी आपण ‘नामदेव पायरी’ म्हणूनच ओळखतो. तेथे माथा टेकवताना नारा-विठाची आठवण किती जणांना होत असेल, याचा अंदाज वाचकांनी आपल्याच अनुभवावरून करावा.

त्याच घरात दळण-कांडण करणारी जनी पोरवयातच दामाशेटींच्या आश्रयाला आलेली. रक्ताचे नाते नाही, घराण्याचा वारसा नाही. ‘नामयाची दासी’ ही ओळख तिने आपल्या अभंगांच्या मुद्रेत आपण होऊन घेतली. सुमारे साडेतीनशे अभंग आज तिच्या नावावर आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर बसलेल्या बायकांनी तिला आपली मानले आहे. मुलग्यांना जे नाव जन्माने मिळाले ते जनीने निवडले, हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. दासीकडून कोणी दुसऱ्या नामदेवाची अपेक्षा केली नव्हती. म्हणून तिचे जाते, तिच्या शेण्या, तिचे एकटेपण हे सारे तिचे स्वतःचे म्हणून ऐकले गेले. अर्थात दासीपण हे काही हेवा करावे असे भाग्य नव्हे. मुद्दा एवढाच की ज्याच्याकडून काही अपेक्षित नसते त्याचे बोलणे कधी कधी अधिक स्वच्छ ऐकू येते.

याच मंडळीत आणखी एक लेकरू होते आणि आमच्या मते ते या साऱ्या विषयाचा कळीचा दाखला आहे. संत चोखामेळा आणि सोयराबाई या दोन्ही अभंगकर्त्यांचा मुलगा कर्ममेळा. आत्या निर्मळा आणि मामा बंका हेही अभंग रचणारे. म्हणजे थोरपणाचा वेढा चहूबाजूंनी. कर्ममेळ्याच्या जन्माची कथा सर्वांना ठाऊक आहे: सोयराबाईचे बाळंतपण करण्यास प्रत्यक्ष विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन आला. कथा रम्य आहे, पण ती कोणाची आहे हे नीट पाहावे. भक्ती आईबापांची, चमत्कार देवाचा. ज्याचा जन्म झाला ते मूल कथेला निमित्तापुरते. स्वतःच्या जन्माची गोष्टही ज्याच्या वाट्याला आली नाही असा हा मुलगा.

आणि हाच मुलगा पुढे विठ्ठलाला जाब विचारतो. आम्हांला हीन जातीत का घातलेस, उष्ट्यावर जगण्यात आमचा जन्म गेला याचे तुला काहीच कसे वाटत नाही, असा त्याचा रोख आहे. चोखोबांच्या अभंगांतही वेदना आहे, प्रश्नही आहेत. परंतु त्यांचा सूर पुष्कळदा आपल्या पूर्वकर्माकडे आणि देवाच्या कृपेकडे वळतो. कर्ममेळ्याच्या नावातच कर्म आहे, पण तो देवाला कर्माच्या आड लपू देत नाही. त्याच देवापुढे, त्याच महाद्वाराबाहेर आणि त्याच अभंगछंदात उभे राहून तो बापाहून वेगळे बोलतो. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे मुलाच्या प्रश्नांना किती आधार होता ते समजते.

सातशे वर्षे आपण या मुलाला ‘चोखोबांचा मुलगा’ म्हणून ओळखले. त्याच्या अभंगांत बापाची भक्ती शोधली आणि ती सापडली तेथे समाधान मानले. विसाव्या शतकात दलित साहित्याने वाट मोकळी केल्यानंतरच त्याचा राग हा त्याचाच राग म्हणून वाचला जाऊ लागला. उशिरा पोहोचलेल्या या वाचनात आम्हांस थोरांच्या मुलांची खरी शोकांतिका दिसते. कर्ममेळा खुरटा नव्हता आणि बापाची नक्कलही नव्हता. तो बोलत होता आणि आपण दुसऱ्याला ऐकत होतो.

संतांचा काळ फार दूरचा वाटत असेल तर अलीकडचे एक घर पाहावे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. अकरा वर्षांचे असताना, १८९३ मध्ये, वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूडकरांनी या कुटुंबावर बहिष्कार घातला. सुधारकाने आपल्या निर्णयाची किंमत मोजावी हे ठीकच. पण त्या किमतीतला एक हप्ता मुलाच्या नावावर पडतो आणि त्याला कोणी विचारत नाही. पुढे रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत राहिले. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. वडिलांनी स्त्रीच्या शिक्षणाचा आणि पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा केला, मुलाने तिच्या शरीरावरचा तिचा हक्क मागितला. दुसरी मागणी पहिलीतूनच निघाली होती. परंतु १९५८ मध्ये भारतरत्न होऊन वडील समाजाला पचले. मुलगा त्याआधी पाच वर्षे जाऊन चुकला होता, आणि जाताना त्याच्या पदरी कोर्टाचे दंड होते. आजही त्यांचा परिचय बहुतेक वेळा ‘महर्षींचे चिरंजीव’ याच शब्दांनी सुरू होतो. जे त्यांनी वडिलांच्या पुढे जाऊन केले ते सांगण्यासाठी आधी त्यांना वडिलांच्या मागे उभे केले जाते.

येथे एक आक्षेप येईल की प्रसिद्ध आईबापांच्या मुलांना फायदे काय थोडे मिळतात? मिळतात, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या आसपास पाहावे. परळीत गोपीनाथ मुंडे (निधन २०१४) यांच्या कन्या आणि लातुरात विलासराव देशमुख (निधन २०१२) यांचे दोन पुत्र राजकारणात आले. ज्या दारापाशी इतरांची हयात जाते ते दार अशांना उघडे मिळते. राजकारणात आणि धंद्यात प्रसिद्धीचा सातबारा असतो; बाप गेला की वारसाच्या नावाने फेरफार होतो, आणि यावर टीका होणे योग्यच आहे. पण विचाराचा आणि लेखणीचा सातबारा नसतो. तेथे वारसाला बापाची जमीन मिळत नाही, तिच्या सीमा तेवढ्या मिळतात. दोन्ही प्रकारच्या वारसांना एकाच काठीने हाकणे हा विचाराचा आळस होय.

मग करावे काय? नावे पुसून टाकावीत असे आमचे म्हणणे नाही. आईबापांचे नाव हा मुलाच्या आयुष्याचा भाग आहे, आणि कर्ममेळ्यानेही चोखोबांचे नाते कोठे लपविले नाही. आमची मागणी साधी आहे. शाळेत गुरुजींच्या मुलाला ‘तू तरी असे करू नयेस’ हे ऐकवणे थांबवावे. इतरांना जितके चुकण्याची मुभा आहे तितकी त्यालाही असावी. लेखकाच्या मुलीचे पुस्तक हाती आले तर वंशावळ शेवटी वाचावी. आणि ज्यांच्या घरी चार लोकांची ऊठबस आहे अशा आईबापांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: बाहेरच्यांना आपण देतो तो मतभेदाचा अधिकार घरातल्या लेकराला बहुधा सर्वांत शेवटी मिळतो. ज्या घरात मुलाला बापाचे म्हणणे खोडता येते, त्या घरातल्या सावलीची चिंता करण्याचे कारण नाही. उरते ती ऐकणाऱ्यांची जबाबदारी, आणि ती आपणां सर्वांची आहे.