आधी विरजण, मग मासे

परसातल्या टाकीत मासे पाळायचे, त्यांचे पाणी शेजारच्या खडीच्या वाफ्यात फिरवायचे, त्यावर पालक-पुदिना वाढवायचा आणि निवळलेले पाणी पुन्हा टाकीत सोडायचे, ही ॲक्वापोनिक्सची कल्पना ऐकताक्षणी पटते. आपल्याला ती परकीही नाही. न्हाणीघराचे सांडपाणी जिथे जाते तिथे केळ आणि अळू लावण्याची कोकणातली जुनी रीत याच विचाराची आहे. एकाने टाकून दिलेले दुसऱ्याच्या मुळाशी जाते. पण कल्पना चटकन पटते म्हणूनच घाई होते. टाकी, पंप आणि पाइप जोडून झाले की रिकामे पाणी पाहवत नाही आणि त्याच आठवड्यात बोटुकली आणून सोडली जाते. मग मासे मरू लागतात आणि ‘आपल्या हवेत हे जमत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. पहिल्या संचात मासे सर्वांत शेवटी यायला हवेत. आधी वाढवायचे ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. त्यांना लागणारे पाच-सहा आठवडे वाया जात नाहीत. ते जिवाणू हेच या शेतीचे पहिले पीक आहे.

यामागचा हिशेब सोपा आहे. मासा खाद्यातल्या प्रथिनांचा वापर करतो आणि उरलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. 100 ग्रॅम खाद्यामागे ढोबळमानाने 3 ग्रॅम अमोनिया तयार होतो. एक चौरस मीटर पालेभाजीला पोसायचे तर माशांना रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य घालावे लागते. 50 ग्रॅम खाद्यातला दीड ग्रॅम अमोनिया 500 लिटरच्या टाकीत मिसळला की दर लिटरला 3 मिलिग्रॅम झाला, आणि तो एकाच दिवसाचा. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या वर गेलेला अमोनिया ही धोक्याची खूण मानतात. त्याची विल्हेवाट लावणारे जिवाणू टाकीत नसतील, तर मासे त्यांच्याच उत्सर्जनात गुदमरतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास दाखवून दिले की हे काम जिवाणूंचे दोन वेगळे गट मिळून करतात. पहिला गट अमोनियाचे नायट्राइट करतो. तेही माशांना विषारीच असते. दुसरा गट त्याचे नायट्रेट करतो. नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात आणि झाडांना तर ते हवेच असते. दोन्ही गट कामाला लागेपर्यंत ॲक्वापोनिक्स सुरू झाले असे म्हणताच येत नाही.

दही लावणाऱ्या घराला हे वेगळे समजवायला नको. विरजण नसेल तर उत्तम दूधही दही होत नाही, आणि थंडीत दही लागायला वेळ लागतो. फरक वेगाचा आहे. दह्यातले जिवाणू तास-दीड तासात दुप्पट होऊ शकतात; अमोनिया खाणाऱ्यांना त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. म्हणून दही रात्रीत लागते आणि टाकी महिना-दीड महिना घेते. या काळात मासे न सोडता पंप चालू ठेवायचा, एअर पंपाने हवा सोडायची, टाकीवर सावली धरायची आणि रोज चिमूटभर मत्स्यखाद्य पाण्यात कुजू द्यायचे. चाचणी संचात आधी अमोनिया चढताना दिसतो, मग तो उतरून नायट्राइट चढते आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. कुणाच्या चालू संचातली चार ओंजळी खडी मिळाली, तर तेच विरजण. काम लवकर होते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन मात्र जिवाणूंनाही मारते. ते पाणी आधी एक-दोन दिवस उघडे ठेवावे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. थोडे मासे सोडूनच सुरुवात केली तर जिवाणूही वाढतील आणि मासेही, मग सहा आठवडे रिकाम्या टाकीची राखण कशाला? तसे करता येते, जाणकार करतातही. पण त्यासाठी रोज चाचणी घेऊन वेळेवर पाणी बदलण्याचा हात बसलेला लागतो, आणि नवशिक्याकडे नेमका तोच नसतो. दख्खनच्या बेसाल्टमधले बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास असतो. 28 अंश तापमानाला सामू सातवरून आठवर गेला, की अमोनियाचा खरा जहाल भाग जवळपास नऊ पट होतो. म्हणजे मोजपट्टीवरचा आकडा तोच राहून मासे मरू शकतात. शिकण्याची फी माशांच्या जिवाने भरणे मला मान्य नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा. धोका कमी म्हणून 50 लिटरच्या काचेच्या पेटीत प्रयोग करावा, असे अनेकांना वाटते. उलट, पाणी जितके थोडे तितका त्याचा तोल लवकर बिघडतो. पहिला संच लहान असावा, पण तो माशांच्या संख्येने, पाण्याने नव्हे. 500 लिटरची टाकी, एक चौरस मीटरचा फूटभर खोल वाफा आणि पुढे वाढून एकूण दोन-अडीच किलो भरतील इतकेच मासे, एवढे पुरे. क्रशरची काळी खडी धुऊन वापरावी. तिच्यावर व्हिनेगर टाकून फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती परत करावी. पाणी आणि खडी मिळून भार टनाच्या घरात जातो, म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय हा संच गच्चीवर नेऊ नये. दोन्ही पंप मिळून 35 वॅट धरले तर महिन्याला सुमारे 25 युनिट वीज लागते. वीज गेली की प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप मासे येण्याआधी घरात हवा.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: हेच पैसे आणि कष्ट मातीत घातले तर पालक स्वस्तात मिळणार नाही का? मिळेल. ज्याच्या परसात चांगली माती आणि पुरेसे पाणी आहे, त्याने मातीतच लावावे. पण ज्यांच्या अंगणात फरशी आहे, जमीन चोपण किंवा मुरमाड आहे, पाणी टँकरचे आहे, त्यांच्यासाठी हिशेब बदलतो. इथे पाणी जमिनीत मुरून जात नाही. झाडांनी प्यायलेले आणि वाफ होऊन उडालेले तेवढेच भरावे लागते. मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात वाफेचा हा वाटा मोठा असतो, म्हणून शेडनेट हवेच. नव्वद टक्के पाणी वाचते ही जाहिरातीतली ओळ प्रत्येक अंगणात खरी ठरत नाही. पहिल्या वर्षी यातून उत्पन्नही धरू नये. मिळेल ती घरची भाजी, आणि पाणी ओळखण्याची नजर.

मासा निवडतानाही घाई नको. मांगूर नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन माशाच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि तिलापिया पाळायला परवानगी लागते. 1952 मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने पुढे आपल्या नद्या-धरणांत किती ठाण मांडले, हे चिलापी या नावाने त्याला ओळखणाऱ्या उजनीकाठच्या मच्छीमारांना ठाऊक आहे. मासे खायचे नसतील तर गोल्डफिश किंवा कोईही झाडांना तेवढेच खत देतात. टाकीतला कोणताही मासा ओढ्या-नाल्यात मात्र सोडू नये.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या छोट्या मत्स्यपालन संचांनाही अनुदान आहे. ते टाकी आणि पंपाला पुरते, पण ही शेती चालते जिवाणूंवर. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांनी एक चालू संच कायम राखावा. तिथे पाण्याची चाचणी करून मिळावी आणि येणाऱ्याला निरोगी संचातली पिशवीभर खडी द्यावी. शेजारणीकडून विरजण मागून आणण्याची आपली पद्धत सरकारी दारातही चालू शकेल. तोवर नवशिक्यांना एवढीच विनंती: अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत बोटुकली आणायला जाऊ नका.