कॅराकॅलाचं नाणं खोटं बोलतं

रोमन सम्राटांचे रील्स बघून भारावणाऱ्या माझ्या पिढीला एक विनंती आहे. पुतळे बघू नका, नाणी बघा.

हे नाणं इ.स. २१५ मधलं. चांदीचं, साधारण पाच ग्रॅमचं. त्यावर सम्राट कॅराकॅलाचा चेहरा, डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट. भोवतीच्या अक्षरांत त्याची पदवी: 'पायस', म्हणजे देवांशी आणि आपल्या माणसांशी कर्तव्यनिष्ठ. या कर्तव्यनिष्ठाने २११ च्या डिसेंबरात सख्ख्या भावाला, गेटाला, आईच्या कुशीत मारवलं. मग साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून त्याचं नाव खरवडून काढलं.

हे झालं अक्षरांचं खोटं. मुकुटाचं खोटं त्याहून महाग पडलं. रोमन नाण्यांवर किरणांचा मुकुट म्हणजे दुप्पट किंमत. म्हणून बहुतेक अभ्यासक हे नाणं दोन डिनेरियसचं मानतात. आत चांदी मात्र जेमतेम दीड डिनेरियसची. आणि डिनेरियसमधली चांदीही बापाने, सेप्टिमियस सेव्हेरसने, आधीच निम्म्याच्या आसपास आणून ठेवली होती. आमच्याकडे व्हेरिएबलचं नाव एक आणि आत व्हॅल्यू भलतीच असेल, तर कोड रिव्ह्यूत पहिल्या मिनिटाला पकडतात. इथे रिव्ह्यू करणाऱ्याचं डोकंच उडालं असतं.

हे कशासाठी? सैन्यासाठी. भावाच्या खुनानंतर गादी टिकवायची तर सैनिक खूश हवेत. पगार साधारण दीडपट झाला. तेवढी चांदी कुठून आणणार? मग आकडा वाढवला, धातू नाही.

"पण २१२ मध्ये त्याने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं!" हो, दिलं. ते हक्क खरे होते. पण वारसा कर फक्त नागरिकांना लागायचा, आणि तो त्याने पाच टक्क्यांवरून दहावर नेला होता. इतिहासकार डिओ म्हणतो, उदारतेमागे कर होता. डिओ सिनेटर, त्याचा कॅराकॅलावर राग होता, हे मान्य. नाण्याला मात्र राग नसतो. ते काट्यावर ठेवा आणि बघा.

२१७ मध्ये त्याच्याच एका सैनिकाने त्याला भोसकलं. २१९ मध्ये हे नाणं पाडणं थांबलं. पण युक्ती मेली नाही. २३८ मध्ये नव्या सम्राटांनी ते पुन्हा काढलं, आणि २७० च्या सुमारास त्यात पाच टक्केही चांदी उरली नव्हती. तांब्यावर चांदीचा मुलामा, आणि मुकुट तसाच.

याला वेड्या राजाचा वेडेपणा म्हणणं सोपं आहे. पण वेडा एकच होता. त्याच्यानंतरचे शहाणेही तेच करत राहिले, कारण कर वाढवला की लोक ओरडतात, चांदी कमी केली की उशिरा कळतं. तोवर सैनिकाचा पगार झालेला असतो, आणि जुनी, चांगली नाणी ज्याला जमलं त्याने पुरून ठेवलेली असतात. हाती फक्त नवं नाणं उरलेल्याने काय करायचं?

पुढचं 'महान सम्राट' रील शेअर करण्याआधी एवढंच विचारा: नाणं पाडलं कुणासाठी, आणि त्यातली चांदी गेली कुणाच्या खिशातून?