नव्वद सेकंद

मागच्या दिवाळीत चार दिवस सिल्लोडला होतो. पुण्यात कुणी गाव विचारलं की मी 'अजिंठ्याला जाताना लागतं ते' असं सांगतो. मिरची-मक्याचं सांगून कुणाला काही कळत नाही. असो.

तर एका संध्याकाळी अण्णा मोबाईल घेऊन गच्चीवर गेले. खाली घरात रेंज येत नाही. ठिबकच्या नळ्यांचे पैसे दुकानदाराला पाठवायचे होते. मेसेज उशिराच आला. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, सहा आकडे वाचले, परत बँकेच्या पानावर गेले, तोवर पान गेलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा खातं चोवीस तासांसाठी बंद.

"काहून होतं रे हे? तू तर यातलाच ना?"

यातलाच म्हणजे किती, ते मला स्क्रीन बघितल्यावर कळलं. ते पान आमच्या टीमचं होतं. नव्वद सेकंदांचा टायमर मी स्वतः टाकला होता.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो 'रिक्वायरमेंटमध्ये तसंच होतं' हा. आणि होतंच तसं. आम्ही टेस्टिंगही इमानदारीने केलं होतं. चुकीचा ओटीपी, रिकामा ओटीपी, जुना ओटीपी, सगळं. पण हिंजवडीत फोन टेबलावर असतो आणि मेसेज दोन सेकंदात येतो. चष्मा शोधणारा माणूस कुठल्याच टेस्ट केसमध्ये नव्हता.

मोठ्या कंपनीबद्दल लोक जे रडगाणं गातात (बेंच, अप्रेझल, मीटिंगा) ते खरं आहे, पण मला त्याचं फारसं काही वाटत नाही. पगार एक तारखेला येतो, त्यावर बहिणीचं लग्न झालं, शेतात बोअर झालं. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या गावात जळालेल्या मोटारी भरून देणारा एक माणूस आहे. भरलेली मोटार आठ दिवसांत परत जळाली तर शेतकरी सकाळी सातला दुकानासमोर हजर! तो माझ्यापेक्षा हुशार आहे असं नाही, पण आपलं काम बिघडलं हे त्याला कळतं. मला कळायला दिवाळी यावी लागली.

आकाराचाही प्रश्न आहेच. १९६८ साली सुरू झालेल्या टीसीएसने २०२२ मध्ये सहा लाख कर्मचाऱ्यांचा टप्पा ओलांडला. २०११ च्या जनगणनेत सिल्लोड शहर साठ हजारांच्याही आत होतं. म्हणजे एका कंपनीत दहा सिल्लोड! (माझी कंपनी ती नव्हे, पण गणित तेच.) मी, लीड, मॅनेजर, क्लायंटचं आयटी, त्यांचं सिक्युरिटी, मग शाखा, मग अण्णा. ही उतरंड मूर्खपणाची नाही. प्रत्येक इंजिनिअर आपापल्या वडिलांसाठी कोड बदलायला लागला तर बँक आठवड्यात बुडेल. पण वरून खाली रिक्वायरमेंट येते तशी खालून वर बातमी येत नाही. अण्णांसारख्यांच्या तक्रारी दुसऱ्या शहरातल्या सपोर्ट टीमकडे जातात आणि 'युजर एरर' म्हणून बंद होतात.

सोमवारी लीडला सांगितलं. तो म्हणाला, "चेंज रिक्वेस्ट क्लायंटने टाकायची असते, तू कशाला?" चूक नव्हती त्याची. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हापासून आमच्याकडेही मीटिंगमध्ये कुणी नसता विषय काढत नाही. होमलोन मलाही आहे. तरी मेल टाकलाच. क्लायंटकडून उत्तर आलं, किती युजर्सना त्रास आहे? माझ्याकडे एकच होता, आणि त्याचं नाव सांगायची सोय नव्हती!

मग परवानगी काढून लॉग बघितले. ज्यांचा पहिला ओटीपी वाया जात होता त्यांचे पिनकोड लावले. शहरं खाली, तालुक्याची गावं वर. हा तक्ता पाठवल्यावर मात्र कुणी वाद घातला नाही. सिक्युरिटीवाल्यांनीही तीन मिनिटं मान्य केली.

माझं म्हणणं फार मोठं नाही. दरवर्षी लोणावळ्याच्या रिसॉर्टवर टीमला नेऊन दोरी ओढायला लावतात, त्याऐवजी दोन दिवस तालुक्याच्या शाखेत काउंटरमागे बसवा. खर्च कमी येईल. जेवणही बरं मिळेल, सिल्लोडची गॅरंटी माझी.

एक आकडा बदलायला अकरा आठवडे लागले. रिलीज नोटमध्ये 'किरकोळ सुधारणा' अशी ओळ आली. पुढच्या महिन्यात अण्णांचा फोन आला, मिरचीचा भाव सांगितला, आईच्या गुडघ्याचं सांगितलं आणि ठेवता ठेवता म्हणाले, "बँकेनं ते सुधारलं बरं का."

"हो का?" म्हटलं.