आधी तिथी, मग तारीख

राहुरी तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "कांदा चाळीत पडला की चार दिवस मोकळे मिळतील. मुलांना समुद्र पाहायचाय. सासूबाईंनी तर जन्मात पाहिलेला नाही. सत्तरी उलटली, गुडघे धरलेत. अलिबागला जावं म्हणतो. बेत कसा आखावा? आणि खरं सांगू का, तिथे जाऊनही मला पोळ्याच लाटायच्या नाहीत."

भगिनी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून पुष्कळजणी मान हलवतील. सहलीत बाईची चूल बदलते, चुलीपुढची जागा काही बदलत नाही. तेव्हा बेत असा आखू या की सासूबाईंना समुद्र दिसेल, मुलं सुखरूप परततील आणि तुमचीही सुटी होईल.

पहिली गोष्ट दिवसांची. आपण नगरकडची माणसं विहीर जाणतो, बंधारा जाणतो, मुळा धरणाचं पाणीही पाहिलेलं असतं. पण ते पाणी जागचं हलत नाही. समुद्र दिवसातून दोनदा पुढे येतो आणि दोनदा मागे हटतो. त्याचं वेळापत्रक चंद्रावर, म्हणजे तिथीवर चालतं. आणि तिथी कुठल्याही गृहिणीला विचारा! संकष्टी कधी, एकादशी कधी हे तिला तोंडपाठ असतं. म्हणून रजेचा अर्ज जाण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर तुम्हीच हातात घ्या.

किनाऱ्यावरची माणसं एक सोपा हिशोब करतात. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारला, तर ओहोटी सकाळी साडेनऊच्या आगेमागे. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. हा अंदाज झाला. नेमकी वेळ तिथे पोचल्यावर कोळी बांधवांना किंवा मुक्कामाच्या घरी विचारून घ्यावी.

एवढा खटाटोप कशाला, म्हणाल. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे पायी जाता येतं, म्हणून. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी चांगलं लांब हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी पुरतं हटत नाही आणि ओहोटी येते भर दुपारी बाराला, म्हणजे वैशाखाच्या उन्हात. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरा. पंचमीलाही जमेल, पण आदल्या दिवशी पाण्याची चौकशी करून. अक्षय्य तृतीयेची घागर घरी पुजून दुसऱ्या दिवशी निघालात, तर पंचमीची सकाळ हाती लागते. पौर्णिमेनंतर निघालात तर आणखी सोयीचं. दिवाळीत जाणाऱ्यांनी भाऊबीज आटोपून निघावं, तीही द्वितीयाच.

आता प्रवास. राहुरीहून नगर, पुणे, पुढे खोपोली-पेणवरून अलिबाग, असे सुमारे ३०० किलोमीटर होतात. पुण्याला गाडी बदलावी लागते, तेव्हा पहाटेच निघा. मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व स्त्रियांना निम्मं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांचा राज्यातला प्रवास विनामूल्य आहे. सासूबाईंचं आधार कार्ड विसरू नका. बोरघाटात मुलांना मळमळतं. निघताना पोट भरगच्च नको, आलेपाक आणि लिंबू मात्र हाताशी हवं. वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन वेळांपुरतीच. मुंबईवरून जाणाऱ्यांना गेटवेहून मांडव्यापर्यंत लाँच मिळते, तासाभराचा प्रवास. पण लाँचमध्ये चढता-उतरताना गुडघेदुखीच्या माणसाचे हाल होतात. त्यापेक्षा २०२० साली भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेली रो-रो बोट बरी. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला असतो, तेव्हा या वाटेच्या भरवशावर राहू नये.

मुक्कामाची खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? जेवण घरचं मिळेल का? नागाव-आक्षीकडे पुष्कळ घरांतून खोल्या देतात आणि सकाळी सांगितलं की तांदळाची भाकरी, आमटी, सोलकढी, हवे असल्यास मासे करून वाढतात. खर्च वाढतो असं घरून म्हणतील. तर एक रात्र कमी करा, पण स्टोव्ह बरोबर नेऊ नका. चार दिवस स्वयंपाक करण्यापेक्षा तीन दिवस हात मोकळे राहिलेले बरे.

कामंही निघण्यापूर्वीच वाटून द्या. पैसे आणि तिकिटं यजमानांकडे, पाण्याच्या बाटल्या मोठ्या मुलाकडे, आजींची औषधं आणि चष्मा मुलीकडे. "आई, माझा टॉवेल?" असं कोणी विचारलं तर, "तुझ्या पिशवीत बघ," एवढंच सांगायचं. प्रत्येकाची पिशवी वेगळी असली की हे जमतं.

किल्ल्यावर ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघा. सासूबाईंसाठी घोडागाडी करा, ओहोटीला ती वाळूतून थेट किल्ल्यापाशी नेते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. आत गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. आपल्या दुष्काळी भागातल्या आजी ती पाहून हात जोडतील. खडकांवरच्या कालवांनी पाय कापतात, म्हणून रबरी चपला घालाव्यात. पाणी वळायच्या आत परत फिरा. उशीर झालाच तर किल्ल्यातच थांबावं. होडी मिळेल, नाहीतर पुढची ओहोटी येईल. पण चढत्या पाण्यात पाऊल घालू नये, मग पलीकडचा किनारा कितीही जवळ दिसो. विहिरीत पोहणाऱ्या मुलांना तर हे बजावूनच सांगा. विहिरीचं पाणी माणसाला ओढून नेत नाही, समुद्राचं नेतं. मुलांनी गुडघाभर पाण्यापलीकडे जायचं नाही, आणि एका मोठ्या माणसाने काठावर नुसतं लक्ष ठेवायचं. हे काम यजमानांचं. सहावारी साडी भिजली की पायांत घोटाळते. पाण्यात उतरायला तुमच्या सासूबाईंचं कासोट्याचं लुगडंच सगळ्यात सोयीचं!

तिसऱ्या दिवशी चौल-रेवदंडा करा. मुलांना सांगा, हे आपल्या नगरचं बंदर. निजामशाहीची राजधानी नगर आणि तिचा समुद्राकडचा दरवाजा चौल. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे कोट बांधू दिला. पन्नास वर्षांनी, १५७१ मध्ये, नगरच्याच फौजेने त्याला महिनोन् महिने वेढा घातला, पण तो हाती आला नाही. रेवदंड्याची तटबंदी अजून उभी आहे. तिच्या सावलीत आजींना बसवा आणि मुलांना तटाकडे पाठवा. चौलच्या दत्ताच्या टेकडीला मात्र पायऱ्या आहेत, गुडघ्यांना तो ताण नको.

भगिनी, पहिल्या संध्याकाळी कुठलंही ठिकाण ठरवू नका. सासूबाईंना वाळूत खुर्ची द्या आणि तुम्ही शेजारी बसा. चहा कोणीतरी आणून देईल. तेवढं आधी सांगून ठेवा.