इंडिका : बदनाम की बदनाम केलेली?

(द्वितीय वर्ष, कला)

टाटाची गाडी म्हणजे आज शोरूममध्ये आणि उद्या गॅरेजमध्ये! हे मत आपल्या कॅन्टीनमध्ये मी गेल्या दीड वर्षात किती वेळा ऐकले याची गणती नाही. गंमत अशी की ते ऐकवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मोटारीशी संबंध एस. टी.च्या पासापुरताच आहे. हे मत त्यांनी स्वतः बनवलेले नाही, ते वारसाने आले आहे. जमीन वारसाने येते तेव्हा निदान सात-बारावर फेरफाराची तारीख तरी असते. ही मते मात्र बिनतारखेची चालत येतात, आणि मला जे म्हणायचे आहे ते नेमके या तारखेविषयीच आहे.

टाटांच्या सगळ्या गाड्यांचा हिशेब मी मांडणार नाही. एकच गाडी घेते, इंडिका. माझ्या समजुतीप्रमाणे ही बदनामी तिच्यापासूनच मुख्यतः सुरू झाली. शिवाय ती आपल्या पुण्याजवळ, चिंचवडपलीकडे चिखलीच्या कारखान्यात तयार होत असे. घरच्या माणसाची चौकशी जरा कसून करावी, हे बरे.

प्रथम आरोपीच्या विरुद्ध जे आहे ते सांगते, कारण ते खरे आहे. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात इंडिका लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला विक्रीस निघाली. त्या वेळी कंपनीचे नाव टेल्को होते. १९५४ पासून डेम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बनवू लागलेली ही कंपनी. १९९१ ची सिएरा आणि १९९४ ची सुमो या गाड्या तिने काढल्या खऱ्या, पण त्यांची हाडे ट्रकच्याच जातीची होती. लहान मोटार सगळी नव्याने उभी करण्याची ही पहिलीच वेळ. रतन टाटांनी शब्द दिला होता तोही लहानसहान नव्हता : झेनएवढा आकार, अँबॅसडरएवढी आतली जागा, मारुती ८०० च्या आसपास किंमत आणि डिझेलचा खर्च. कारखान्यासाठी ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना खोलून, जहाजांवर घालून पुण्याला आणला. बाह्यरूप घडवताना इटलीतील तुरीनच्या एका संस्थेची मदत घेतली. लोकांचा विश्वास असा की सुमारे १ लाख १५ हजार जणांनी पूर्ण पैसे आगाऊ भरून नावे नोंदवली.

आणि मग तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सांगितलेली ताकद नाही, सांगितलेले ॲव्हरेज नाही, आवाज फार, खालून खडखड. कंपनीने गाड्या परत बोलावून भाग बदलून दिले. २००० - ०१ या वर्षी टेल्कोला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. ट्रकच्या धंद्यातील मंदी त्याला कारण होतीच, पण इंडिकाचा खर्चही होता.

येथे काही जण लगेच देशाभिमान पुढे करतात : पहिली स्वदेशी गाडी, सांभाळून घ्या! मला हे पटत नाही. ज्याने आयुष्याची बचत आगाऊ भरली त्याने कंपनीचा प्रयोग आपल्या अंगणात का सोसावा? प्रयोग करायचा तो प्रयोगशाळेत. कारण समजून घेता येते, एवढेच. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा तिच्या खोड्या सुझुकीने जपानच्या रस्त्यावर आधीच काढलेल्या होत्या. आपल्या हाती आली ती शिकून-सवरून आलेली गाडी. इंडिकाचे शिक्षण मात्र गिऱ्हाईकाच्या दारात झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पहिल्या पिढीचे अडखळणे मला कळते. पण मी अडखळले तर नुकसान माझे होते, १ लाख १५ हजार लोकांचे नाही.

तेव्हा १९९९ आणि २००० सालच्या इंडिकाला जे नाव मिळाले ते तिने कमावलेले होते. माझा वाद त्यानंतरच्या गोष्टीशी आहे.

२००१ मध्ये कंपनीने गाडीची आतून बरीच फेररचना केली आणि तिला ‘व्ही-टू’ असे नाव देऊन बाजारात आणली. बहुतेक जुन्या तक्रारी मिटल्या, खप वाढला, आणि काही वर्षांत महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या स्टँडबाहेर पिवळ्या पाटीच्या पांढऱ्या इंडिका ओळीने उभ्या राहू लागल्या. इथून एक विचित्र गोष्ट घडली. ज्या लोकांनी तिच्यावर पोट चालवले त्यांच्यामुळेच ती पुन्हा बदनाम झाली. ‘टॅक्सीची गाडी’ ही शिवी ठरली!

जरा विचार करा. टॅक्सीवाला गाडी घेतो तेव्हा त्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे गेले, आणि हप्ता काही थांबत नाही. हौसेने गाडी घेणाऱ्याची गाडी बंद पडली तर त्याचा रविवार वाया जातो, टॅक्सीवाल्याची बंद पडली तर घरात किराणा येत नाही. मग गाडी भरवशाची आहे की नाही हे या दोघांपैकी कोणाला जास्त कळणार? आणि हा मनुष्य एक इंडिका झिजली की दुसरी इंडिकाच घेत होता.

माझे चुलते त्यांपैकी एक. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सातवी शिकलेले. त्यांनी २००७ साली बँकेचे कर्ज काढून डिझेलची व्ही-टू घेतली आणि बारा वर्षे सासवडहून पुणे, मुंबई, पंढरपूर, शिर्डी अशा ट्रिपा मारल्या. गाडी विकली तेव्हा काटा चार लाख किलोमीटरच्या पुढे होता. त्यांच्याजवळ एक लांबट वही आहे. डिझेल, ऑइल, टायर, पासिंग, फिटरची मजुरी, सगळे तारीखवार लिहिलेले. क्लचप्लेट, बेल्ट, ब्रेकचे लायनर हे झिजणारच, त्याच्या नोंदी आहेत. भाडे अर्ध्या वाटेत सोडावे लागल्याची नोंद मला त्या वहीत सापडली नाही. एका गाडीवरून सिद्धान्त मांडू नये हे मला कळते. पण कॅन्टीनमधल्या सिद्धान्तामागे तर एकही वही नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. टॅक्सीवाल्यांनी इंडिका घेतली ती भरवशासाठी नव्हे, स्वस्त डिझेलसाठी आणि मागच्या ऐसपैस जागेसाठी. खरे आहे. पाठीमागे तीन माणसे धोतर-लुगडे सावरून नीट बसतील अशी त्या किमतीतली दुसरी डिझेल गाडी दाखवणे कठीण होते. परंतु गॅरेजात उभी असलेली गाडी डिझेल वाचवून काय देणार? लिटरमागे वाचलेले पैसे दुरुस्तीत गेले असते, तर हा हिशेब नानांच्या वहीत पहिल्याच वर्षी उघडा पडला असता. हिशेबाच्या बाबतीत ही मंडळी आपल्या कॉमर्सवाल्यांना शिकवतील.

दुसरे असे, की भरवसा या शब्दाचे आपण दोन अर्थ एकमेकांत मिसळतो. गाडी कुरकुरते, दाराचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो, आतले प्लास्टिक हलके वाटते, हा एक दोष झाला. इंडिकाचे हे काम साधारणच होते, तिच्या बाजूने बोलतानाही ते नाकारता येत नाही. गाडी वाटेत बंद पडते हा दुसरा दोष. परदेशी पाहणी-संस्था शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजतात. त्या मोजणीत सैल झालेले बटण आणि बसलेले इंजिन या दोन्हींची गणना तक्रार म्हणूनच होते. दिव्याच्या घाटात रात्री अकरा वाजता या दोन तक्रारी सारख्या नसतात! आणि अशा वेळी आणखी एक गोष्ट मोलाची ठरते, ती म्हणजे गाडी बिघडलीच तर जेजुरीचा साधा फिटर तिला हात लावू शकतो की नाही, आणि तिचा भाग सासवडच्या दुकानात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो. इंडिकाला हा फायदा होता. तो कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

नाव किमतीवरही कसे अवलंबून असते याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. २००३ मध्ये एमजी रोव्हर या कंपनीने पुण्याचीच इंडिका थोडे फेरफार करून ‘सिटी रोव्हर’ या नावाने तिकडे विकायला काढली. किंमत सुमारे साडेसहा हजार पौंडांपासून पुढे. तिकडच्या समीक्षकांनी तिची जी धुलाई केली ती विचारू नका. कंपनीने म्हणे एका दूरदर्शन कार्यक्रमाला चाचणीसाठी गाडीच दिली नाही, तेव्हा त्यांचा माणूस गिऱ्हाईक बनून छुपा कॅमेरा घेऊन गेला! त्या टीकेतला मोठा भाग या पैशात ही गाडी का घ्यावी असा होता, आणि तो रास्त होता. पुढे किंमत उतरवावी लागली, आणि २००५ मध्ये ती रोव्हर कंपनीच बुडाली. तिकडे किंमत जास्त म्हणून गाडी भिकार ठरली, इकडे किंमत कमी म्हणून ती टॅक्सीवाल्याची ठरली.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हाला नमुना निवड शिकवतात. नमुना एकांगी असेल तर निष्कर्ष फसतो. इंडिकाविषयीच्या लोकमताचा नमुना कोणता? आपण मागच्या सीटवर बसतो ती गाडी तीन लाख किलोमीटर धावलेली असते, आधीच्या रात्री ती शिर्डीला जाऊन आलेली असते. तिची तुलना आपण शेजारच्या साहेबांच्या गाडीशी करतो, जी कापडी झाकणाखाली झोपते आणि चतुर्थीला बाहेर निघते. खडखड ऐकून आपण म्हणतो, पाहा, टाटाची गाडी! तीन लाखांनंतर साहेबांची गाडी कशी वाजेल हे कोणी ऐकलेले नसते, कारण तोवर साहेबांनी ती विकलेली असते. आणि ज्याचे मत ऐकायला हवे तो गाडीवाला मोटारींच्या इंग्रजी मासिकात पत्र लिहीत नाही. त्याला कोणी विचारलेही नाही. प्राध्यापक मंडळींना माझी विनंती आहे की, एखाद्या वर्षी प्रकल्प म्हणून स्टँडवरच्या पन्नास गाडीवाल्यांच्या वह्या आम्हा विद्यार्थ्यांना वाचायला लावाव्यात. निष्कर्ष माझ्या विरुद्ध निघाला तरी चालेल.

मे २०१८ मध्ये इंडिकाचे उत्पादन थांबले. खटारा होती म्हणून बंद पडली, असे त्यावरही ऐकू येतेच. मी नानांना विचारले तेव्हा त्यांनी वहीच काढली. डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले. पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतले अंतर त्याआधीच घटू लागले होते, आणि वहीच्या त्या पानांवर नानांनी पेन्सिलीने दोन्ही दर शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत. २०१९ मध्ये त्यांनी दुसऱ्या कंपनीची सी. एन. जी.वरची गाडी घेतली ती या पेन्सिलीच्या आकड्यांवरून. जुनी इंडिका नीरेकडच्या एका गवळ्याने नेली. मागची सीट काढून तो तिच्यातून दुधाचे कॅन नेतो असे ऐकते.