व्हेगासचं पाणी

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांच्या सहलीत ग्रँड कॅनियनच्या आधी किंवा नंतर लास व्हेगास असतंच. दोन रात्रींचा मुक्काम, रोषणाई, बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांसमोर फोटो. परत आल्यावर शेरा ठरलेला: पैशाची आणि पाण्याची काय ही उधळपट्टी! यातला पैशाचा भाग खरा आहे. पाण्याचा नाही, आणि व्हेगास पाहून आल्यापासून हे कुणाला तरी सांगावं असं मला फार वाटतं आहे.

पैशाचं आधी उरकतो. अमेरिकी रूलेटच्या चाकावर ३८ घरं असतात: १८ लाल, १८ काळी, दोन हिरवी. तुमचा आकडा लागला तर एका डॉलरवर ३५ मिळतात. हिशोब सरळ असता तर ३७ मिळाले असते. या दोनच्या फरकातून शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कसिनोकडे राहतात. यात लबाडी नाही, नियम सगळ्यांसमोर असतात. म्हणूनच जितका वेळ बसाल तितकी हार पक्की होत जाते. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोच्या बोटींवरही खेळ कोणताही असो, पारडं असंच मालकाकडे झुकलेलं असतं.

आता पाणी. हे शहर मोहावे वाळवंटात वसलं आहे. वर्षभरात जेमतेम चार इंच पाऊस पडतो. गरजेचं नव्वद टक्के पाणी कोलोराडो नदीचं, हूवर धरणामागच्या लेक मीडमधून येतं. नदीची वाटणी १९२०च्या दशकात झाली तेव्हा इथे वस्ती नगण्य होती. खालच्या खोऱ्यात कॅलिफोर्नियाला वर्षाला ४४ लाख एकर-फूट मिळाले, ॲरिझोनाला २८ लाख, नेवाडाला अवघे ३ लाख. म्हणजे सुमारे १३ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं भरली की २९ टीएमसी होतात. त्याच्या निम्म्याहूनही कमी पाण्यावर इथे वीस लाखांहून जास्त माणसं राहतात आणि दरवर्षी चार कोटींच्या आसपास पाहुणे येऊन जातात.

हे निभतं ते एका साध्या, कडक हिशोबामुळे. खोलीतली आंघोळ, संडास, स्वयंपाकघर, धुलाई, इमारतीच्या आत वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात जातं आणि बरंचसं लास व्हेगास वॉश नावाच्या ओढ्यातून पुन्हा लेक मीडला मिळतं. जितकं परत केलं तितकं पुन्हा उचलायची मुभा असते. त्यामुळे हॉटेलातल्या शॉवरनं शहराचं पाणी फारसं कमी होत नाही. कमी होतं ते हिरवळीनं, कारण लॉनवर फवारलेलं पाणी हवेत उडून जातं, ते परत येत नाही. म्हणून तिथे लॉन काढून टाकणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे मिळतात. नेवाडाने २०२१ साली कायदाच केला: रस्त्याच्या दुभाजकावरची, कचेऱ्यांपुढची, केवळ शोभेची हिरवळ २०२६ संपेपर्यंत काढायची, त्यापुढे तिला कोलोराडोचं पाणी नाही. आणि बेलाजिओचं तळं? त्या जागेवर पूर्वी गोल्फचं मैदान होतं. तळ्याला पाणी त्याच जागेतल्या विहिरींचं आहे, नदीचं नाही. २००२ नंतर इथली लोकसंख्या सात लाखांहून अधिक वाढली, आणि तरीही नदीतून घेतलेलं पाणी घटलं.

यानं कोलोराडो वाचेल असं मी म्हणत नाही. २०२२च्या उन्हाळ्यात लेक मीड धरण भरल्यापासूनच्या नीचांकाला गेलं होतं, आणि त्या नदीचं सर्वांत जास्त पाणी शेती पिते, शहरं नव्हेत. पण वापरलेलं पाणी वेगळं आणि गमावलेलं वेगळं, हा भेद एका अख्ख्या शहरानं अमलात आणला आहे. उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या मोजणाऱ्या आणि सांडपाणी तसंच नदीत सोडून देणाऱ्या आपल्या नगरपालिकांनी तो उद्यापासून उचलावा. नगरसेवकांचे अभ्यासदौरे निघतातच, तर एक इथे निघावा. शहराच्या पूर्वेला वेटलँड्स पार्क आहे, प्रवेश मोफत. शुद्ध केलेलं पाणी वाहताना तिथे डोळ्यांनी बघता येतं.

एकमेकांशी भांडणाऱ्या पाणीसंस्थांनी १९९१ साली इथे एकच प्राधिकरण उभारलं. एकजुटीची दुसरी गोष्टही त्याच वर्षीची: सप्टेंबरमध्ये फ्रंटियर हॉटेलच्या साडेपाचशे कामगारांनी संप पुकारला. खोल्या आवरणाऱ्या बाया, आचारी, वेटर. दारावर चोवीस तास पहारा. हा संप चालला सहा वर्षं, चार महिने आणि दहा दिवस, आणि एकही कामगार फुटून आत गेला नाही. हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकानं करार केला, माणसं कामावर परतली. मुंबईचा १९८२चा गिरणी संप ज्यांच्या घरात घडून गेला, त्यांना ही हकिगत वाचताना काय वाटेल, ते मी लिहू शकत नाही.

त्या कामगारांच्या युनियनमध्ये, क्युलिनरी लोकल २२६ मध्ये, आज साठ हजारांच्या आसपास सभासद आहेत. २०२३च्या करारात त्यांनी खोल्या रोज साफ झाल्याच पाहिजेत हे कलम मिळवलं. आपल्याकडची बरीच मंडळी उगाच त्रास नको म्हणून दाराला ‘साफसफाई नको’ची पाटी अडकवतात. ती अडकवू नका. आवरायच्या खोल्या कमी झाल्या की ते काम करणाऱ्या बाईच्या पाळ्या कमी होतात, आणि चार दिवसांची साचलेली खोली एका दिवसात आवरताना पाठ तिचीच जाते.