एका घासाचा आग्रह

शहरातील एका रुग्णालयाच्या बालपचनविकार विभागास आम्ही परवा भेट दिली. गव्हातील ग्लुटेनने ज्यांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते आणि वाढ खुंटते, अशी सीलिअ‍ॅक व्याधीची मुले तेथे पाहिली. गहूच अपायकारक, हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या प्रबंधात दाखवून दिले. आजन्म पथ्य हाच आजही उपचार आहे. डॉक्टर निदान करतात, परिचारिका वजन नोंदवितात, आहारतज्ज्ञ मातेला ज्वारी-तांदळाचे पदार्थ समजावून सांगतात. मात्र 'एका बिस्किटाने काय होते?' हा आप्तेष्टांचा वारंवार होणारा आग्रह या सर्वांचे श्रम मातीस मिळवितो. अशा आग्रहास प्रेम म्हणवत नाही. शाळेत, वाढदिवशी, मंगलकार्यात त्या मुलाचे पथ्य सांभाळणे हे आपणां सुशिक्षितांचे कर्तव्य होय.